सहजीवनाचं घर: बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांसोबत राहण्याची व्यवस्था कशी उभी करायची

बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांसोबत एकत्र राहण्याचं घर काढायचं ठरलं की बहुतेक गट आधी जागेच्या मागे लागतात. जागा मिळते, भिंती उभ्या राहतात, रंग लागतो. राहायला जायची तारीख जवळ आली की लक्षात येतं, रात्री घरात नेमकं कोण झोपणार, औषधं कोण देणार, आणि एखाद्याला इथे राहायचंच नसेल तर त्याने ते कोणाला सांगायचं, यातलं काहीच ठरलेलं नाही. हा क्रम उलटा करावा लागतो. त्याआधी अशी घरं मुळात सुरू कशी झाली ते पाहणं कामाचं आहे. आज होणाऱ्या बहुतेक चुका तिथे एकदा होऊन गेल्या आहेत, आणि टिकलेल्या युक्त्याही तिथेच सापडतात.

मुळं, आणि त्यातून घ्यायचं काय

बेल्जियममधल्या गेल गावात संत डिम्फ्नाच्या चर्चमध्ये मध्ययुगापासून मानसिक आजार असलेल्या माणसांना घेऊन यात्रेकरू येत. चर्चला लागून त्यांच्यासाठी खोली होती. ती अपुरी पडू लागली तशी गावातल्या कुटुंबांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतलं आणि ती रीत शतकानुशतकं चालली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सरकारने देखरेख हाती घेतली, १८६२ मध्ये गावात रुग्णालय झालं. नवा माणूस आधी काही दिवस तिथे राही, त्याचा स्वभाव आणि प्रकृती कळली की घर ठरे. प्रकृती बिघडली तर तो तात्पुरता रुग्णालयात येई. कुटुंबाला त्याच्या खाण्याराहण्याचा मोबदला मिळे. १९३० च्या दशकाअखेर गावातल्या घरांमध्ये असे साडेतीन हजारांहून जास्त लोक राहत होते. गेलची आठवण निघाली की गावकऱ्यांच्या मायेचं कौतुक होतं आणि ते रास्तच आहे. पण घर काढणाऱ्याने तिथली मागची बाजू नीट बघावी: कुटुंब एकटं नव्हतं. त्याच्या पाठीशी रुग्णालय होतं, पैसे होते, आणि नाहीच जमलं तर माणसाला दुसऱ्या घरी जाता येत होतं. या तिन्हीतलं एक जरी नसेल तर माया दोन-तीन वर्षांत थकते.

उलट उदाहरण स्वित्झर्लंडचं. योहान याकोब गुगेनब्यूल या तरुण डॉक्टरने १८४० च्या सुमारास आबेन्डबर्ग डोंगरावर बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी निवासी केंद्र काढलं. युरोपभर त्याचं नाव झालं, लोक बघायला येऊ लागले, तोही व्याख्यानांसाठी देशोदेशी फिरू लागला. मागे केंद्रात मुलांची हेळसांड होत होती. १८५८ मध्ये ती उघडकीला आली आणि काही वर्षांत केंद्र बंद पडलं. संस्थापक दौऱ्यावर असताना घर कोण चालवतं, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

आज ज्याला आपण हेतुपूर्वक उभारलेलं सहजीवन म्हणतो त्याचा ठळक नमुना म्हणजे कॅम्पहिल. कार्ल क्योनिग हा व्हिएन्नाचा ज्यू कुटुंबातला डॉक्टर १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया घेतल्यावर तिथून निसटला. रुडॉल्फ स्टायनर या ऑस्ट्रियन विचारवंताने १९२४ मध्ये उपचारात्मक शिक्षणावर दिलेल्या व्याख्यानांचा त्याच्यावर मोठा प्रभाव होता. १९३९ मध्ये तो आणि त्याचे तरुण सहकारी, बहुतेक निर्वासितच, स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनच्या परिसरातल्या किर्कटन हाउसमध्ये मुलांसोबत राहू लागले. जागा अपुरी पडली म्हणून डी नदीकाठची कॅम्पहिल ही मालमत्ता ठरली. तेवढ्यात युद्धामुळे शत्रुदेशाचे नागरिक म्हणून गटातल्या पुरुषांना स्थानबद्ध केलं गेलं. जून १९४० मध्ये घर हलवलं ते मागे राहिलेल्या स्त्रियांनी. पुढे मुलं मोठी झाली आणि शाळेनंतर जायचं कुठे हा प्रश्न आला. त्यातून १९५५ मध्ये इंग्लंडमध्ये नॉर्थ यॉर्कशरच्या बॉटन इथे प्रौढांचं पहिलं गाव वसलं: घरं, शेती, दूधदुभतं, भट्टी, कार्यशाळा. सोबत राहणारे पगार घेत नसत, त्यांच्या गरजा गावाच्या सामाईक पैशातून भागत.

तिसरं मूळ फ्रान्समधलं. १९६४ मध्ये ज्यां व्हानिएने त्रोस्ली-ब्रॉय गावात एक लहानसं घर घेतलं आणि मोठ्या संस्थेत राहणाऱ्या माणसांना सोबत राहायला बोलावलं. तिघं आले होते. त्यातल्या एकाच्या गरजा पेलण्यासारख्या नव्हत्या, त्याला लगेच परत न्यावं लागलं. दोघं राहिले आणि त्यातून लार्श ही जगभरची चळवळ झाली. व्हानिए २०१९ मध्ये वारला. त्यानंतर संस्थेनेच करवून घेतलेल्या चौकशीत २०२० मध्ये समोर आलं की त्याने अनेक स्त्रियांचं लैंगिक शोषण केलं होतं. २०२३ च्या अहवालात त्यांची संख्या किमान २५ दिली आहे. त्या स्त्रिया बौद्धिक अक्षमता असलेल्या नव्हत्या. पण ज्या माणसाला सगळे संत मानत होते त्याच्याबद्दल तक्रार करायला दारच नव्हतं, हे घर काढणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावं.

या सगळ्यात एक गाठ आहे. ‘हेतुपूर्वक’ म्हणतो तेव्हा हेतू कोणाचा? सोबत राहायला येणारा स्वतःहून येतो. ज्याच्यासाठी घर काढलं त्याला बहुतेक वेळा आणलेलं असतं. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराचं (२००६) कलम १९, म्हणजे स्वतंत्रपणे आणि समाजात राहण्याचा हक्क, इथेच बोट ठेवतं. २०१७ मधल्या त्यावरच्या भाष्यात स्पष्ट म्हटलं आहे की शंभर माणसांची इमारत असो, ५ ते ८ जणांचं छोटं घर असो की एकट्याचं घर, संस्थेची लक्षणं असतील तर ती संस्थाच. लक्षणं कोणती? कोणासोबत राहायचं हे ठरवता न येणं, मदतनीस निवडता न येणं, सगळ्यांनी एकाच वेळी एकच गोष्ट करणं, बाहेरच्या जगापासून तुटणं. ही यादी भिंतीवर लावा आणि खालचा प्रत्येक निर्णय तिच्याशी ताडून पाहा.

माणसं आधी

एका घरात ४ ते ५ निवासी (ज्यांच्यासाठी घर काढलं ते) आणि सोबती (सोबत राहून मदत करणारे) धरून एकूण ८-९ माणसं, याच्या पुढे जाऊ नये. एका टेबलावर सगळे बसतील आणि एकमेकांचं बोलणं ऐकू येईल, तोच आकडा. दहाच्या पुढे गेलात की स्वयंपाक मोठ्या पातेल्यांत जातो, जेवण ‘वाढप’ होतं, आणि घराची हळूहळू खानावळ होते. जास्त लोकांना जागा द्यायची असेल तर दुसरं घर काढा, पहिलं मोठं करू नका.

एकदम पाच जणांना आणू नका. पहिला माणूस, मग ६ ते ८ आठवड्यांनी दुसरा, असं वर्षभरात घर भरा. येण्याआधी प्रत्येकाने तीन टप्प्यांत घर पाहावं: एक जेवण, एक मुक्काम, मग सलग दोन आठवडे. दोन आठवडे का, तर पहिले चार-पाच दिवस माणूस पाहुण्यासारखा वागतो. झोपेचा खरा पॅटर्न, भीती, चिडचीड त्यानंतर दिसते. बोलून सांगता न येणाऱ्याचा नकार कृतीतून वाचावा लागतो. दाराशी चप्पल घालून उभं राहणं, जेवण निम्म्यावर येणं, परत बॅग भरणं. हे सगळं तारखेसह लिहून ठेवा आणि त्याला ‘रुळायला वेळ लागतोय’ असं नाव देऊन मोकळे होऊ नका. आधीच राहणाऱ्यांनाही विचारायचं. त्यांच्या घरात कोण येणार हे त्यांच्याशिवाय ठरत असेल तर ते त्यांचं घर नाही.

आता हिशोब. आठवड्याचे तास १६८. एका माणसाचे ४० तास धरले तर घरात सतत एक जण हजर ठेवायला ४.२ माणसं लागतात. रजा, आजारपण, प्रशिक्षण धरलं की ५. सकाळचे ३ आणि संध्याकाळचे ५ तास दोन जण हवेतच, कारण एक जण आंघोळीला मदत करत असताना दुसरीकडे कोणी पडू शकतं. ते झाले आठवड्याचे ५६ तास, म्हणजे रजा धरून आणखी पावणेदोन माणसं. एकूण जवळजवळ ७. इतक्या माणसांचा खर्च पाहून गट दचकतात आणि ‘आपण तर तिथेच राहणार आहोत’ म्हणून हिशोब तीन माणसांवर आणतात. बहुतेक घरं इथेच मोडतात. घरात राहणं आणि कामावर हजर असणं या दोन गोष्टी आहेत. राहणाऱ्या सोबत्याला आठवड्यातून सलग ३६ तास अशी सुट्टी हवी की ज्यात कोणी त्याचं दार वाजवणार नाही, आणि ती वेळापत्रकात नावानिशी लिहिलेली हवी. रात्री कोणाला फिटचे झटके येत असतील किंवा कोणी उठून बाहेर जात असेल तर जागता माणूस लागतो. तिथे झोपलेला चालत नाही.

वर्षभरासाठी येणारे तरुण स्वयंसेवक घरात चैतन्य आणतात. पण निवासी दरवर्षी एका जिवलगाला निरोप देतो, याची किंमत मोजली जात नाही. आंघोळ, औषध आणि पैसा ही तीन कामं दीर्घकाळ राहणाऱ्यांकडेच ठेवा. निरोपाची तारीख महिनाभर आधी कॅलेंडरवर लावा.

घर

बसस्टॉप, दवाखाना आणि किराणा चालत जाता येईल अशी जागा घ्या. निसर्गरम्य पण एकाकी जागेचा मोह मोठा असतो आणि कॅम्पहिलच्या गावांचं शेतीतलं आयुष्य सुंदर होतंच. पण जिथे दुकानात जायला गाडी आणि चालक लागतो, तिथे निवासी दुसऱ्याच्या वेळेवर जगतो.

प्रत्येकाला स्वतःची खोली. दाराला आतून कडी, बाहेरून आणीबाणीत उघडता येणारं कुलूप, आणि किल्ली निवाशाकडे. किल्ली हरवते, म्हणून ती काढून घेऊ नका. पाच जादा करून ठेवा. दारांची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर, न्हाणीघरात व्हीलचेअर वळायला १५० सेंटिमीटरचं वर्तुळ, उताराचं प्रमाण १:१२ (१ फूट चढायला १२ फूट लांबी). आज सगळे धडधाकट असले तरी हे आत्ताच करा, वीस वर्षांनी भिंती फोडणं परवडत नाही. आंघोळीच्या नळाला तापमान बांधून देणारा व्हॉल्व्ह बसवा आणि पाणी ४३ अंश सेल्सियसच्या वर जाऊ देऊ नका. भाजतंय हे कळायला किंवा हात मागे घ्यायला ज्याला वेळ लागतो, त्याला ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत खोल भाजतं. दर आठवड्याला थर्मामीटरने तपासून नोंद करा, व्हॉल्व्ह क्षाराने अडकतात.

दिवस आणि काम

दिवसाला लय हवी. उठणं, काम, जेवण, विश्रांती, सण यांचा ठरलेला क्रम असला की ज्याला घड्याळ कळत नाही त्यालाही पुढे काय हे कळतं, आणि निम्मी अस्वस्थता तिथेच कमी होते. हा कॅम्पहिलचा सगळ्यात मोलाचा वारसा आहे असं आम्ही मानतो. मात्र लय म्हणजे शिस्त नव्हे. जेवण साडेबाराला असेल, पण ज्याला एकट्याने खोलीत जेवायचं आहे त्याची थाळी निमूट खोलीत जावी.

काम खरं हवं. मणी ओवायचे आणि रात्री सोडवून पुन्हा ठेवायचे, हे प्रौढ माणसाचा अपमान करणारं आहे. पावाची भट्टी घ्या, कारण पाव दुसऱ्या दिवशी कोणीतरी खरोखर खातं. पीठ ५००, पाणी ३२०, मीठ १०, कोरडं यीस्ट ५ ग्रॅम. आकडे न वाचणाऱ्याला हे जमेल असं मांडायचं काम आपलं. काट्याच्या तबकडीवर ५०० च्या जागी लाल चिकटपट्टी: काटा लालवर आला की थांब. पाण्याच्या पारदर्शक भांड्याला त्याच उंचीवर निळी रेघ. मिठासाठी बरोबर १० ग्रॅम मावेल असा चमचा, मिठाच्या बरणीलाच दोरीने बांधलेला. गोळे ठेवायच्या लाकडी फळीवर बारा वर्तुळं आखलेली: सगळी भरली की झालं. एवढं केल्यावर ‘याला जमत नाही’ म्हटलेला माणूस रोज बारा पाव बिनचूक घडवतो. आणि हे बिघडतं ते एकाच कारणाने: ऑर्डर वाढते, उशीर होतो, सोबती ‘आजच्या दिवस’ म्हणून स्वतः पीठ मळायला घेतो. आठवडाभराने निवासी कोपऱ्यात उभा असतो आणि भट्टी सोबत्यांची झालेली असते. अशा वेळी ऑर्डर कमी करा. आणि पाव विकला जात असेल तर करणाऱ्याला मोबदला द्या, तिथल्या कामगार कायद्याप्रमाणे.

औषध आणि प्रकृती

प्रत्येकाचं एका पानाचं टिपण फ्रिजवर नव्हे, बंद फायलीत, पण मध्यरात्री सापडेल असं ठेवा: औषधं, अ‍ॅलर्जी, झटका आला तर काय करायचं, गिळायला त्रास आहे का, दुखलं तर हा माणूस ते कसं दाखवतो. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. बोलता न येणारा माणूस अचानक डोकं आपटू लागला, चावू लागला, तर आधी दात, कान, लघवीचा जंतुसंसर्ग आणि बद्धकोष्ठ तपासा, ‘वर्तनसमस्या’ हा शब्द नंतर. बद्धकोष्ठाला हसू नका. चालणं कमी, पाणी कमी आणि मनोविकाराची काही औषधं चालू असली की आतडं तुंबून जिवावर बेततं. ज्याला धोका आहे त्याची शौचाची नोंद रोज ठेवा.

औषध देणारा एक आणि पाहणारा दुसरा. गोळी गिळलेली पाहिल्यावरच सही, आधी नाही. सकाळच्या गडबडीत सगळ्या सह्या एकदम करून टाकणं ही नेहमीची चूक, आणि दोनदा डोस जाण्याचं नेहमीचं कारण. झटका ५ मिनिटांत थांबला नाही तर रुग्णवाहिका. त्याआधी कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका. शांत ठेवण्याची औषधं डॉक्टरांकडून दर सहा महिन्यांनी फेरतपासून घ्या, नाहीतर दहा वर्षांपूर्वी एका वाईट आठवड्यासाठी दिलेली गोळी अजून चालू असते. डाउन सिंड्रोम असलेल्यांची थायरॉइड तपासणी दरवर्षी करा, श्रवण दर दोन वर्षांनी तरी. त्यांच्यात चाळिशीनंतर स्मृतिभ्रंश लवकर दिसू शकतो. तिशीतच त्याला काय-काय येतं याचा व्हिडिओ करून ठेवला तर पुढे झालेला बदल डॉक्टरला दाखवता येतो.

पैसा, कायदा, तक्रार

जागेची मालकी एका विश्वस्त संस्थेकडे आणि रोजची सेवा दुसरीकडे, असं वेगळं ठेवा. सेवा देणाऱ्यावर नाराज असलेल्या निवाशाला घर सोडावं लागत नाही. हातात किमान सहा महिन्यांचा खर्च असल्याशिवाय पहिल्या माणसाला आणू नका. निवाशाचे पैसे त्याच्याच नावाच्या खात्यात, खर्चाला पावती, आणि दर तीन महिन्यांनी बाहेरच्या माणसाकडून तपासणी.

‘आपण सगळे एक कुटुंब’ म्हणून करार टाळू नका. बिनपगारी सहजीवनाची जुनी पद्धत आणि आजचे कर व कामगार कायदे यांचा मेळ बसत नाही. २०१० नंतरच्या दशकात बॉटनमध्ये सोबत्यांना नोकरदार करायचं की नाही यावरून वाद इतका विकोपाला गेला की अनेक वर्षं एकत्र राहिलेली माणसं न्यायालयात समोरासमोर आली. तुमचा सोबती कायद्याच्या नजरेत कोण, कर्मचारी, स्वयंसेवक की भाडेकरू, हे वकिलाकडून लेखी घ्या.

कार्यकारिणीत एकतृतीयांशाहून जास्त पालक नकोत. निवासी मात्र हवेत, चित्रांच्या कार्यक्रमपत्रिकेसह. संस्थापकाला पहिल्या दिवसापासून मुदत लावा, समजा सात वर्षं. तक्रारीचा फोन घराबाहेरच्या, संस्थापकाच्या मित्रमंडळात नसलेल्या माणसाकडे जावा आणि त्या माणसाने महिन्यातून एकदा न सांगता यावं, प्रत्येकाशी एकट्याने बोलावं. एकट्याने, हे लेखी नमूद करा, कारण सोबती शेजारी बसून ‘सांग ना, किती मजा येते’ असं सुचवतो.

जाणं

वर्षातून एकदा प्रत्येकाला विचारा: इथेच राहायचं, की दुसरीकडे? शब्दांत जमत नसेल तर फोटो समोर ठेवून. दुसरीकडे म्हणजे कुठे, हेही तयार हवं: दुसरं घर, एकट्याची खोली आणि येणारा मदतनीस, किंवा नातेवाईक. पर्याय नसताना विचारलेला प्रश्न हा प्रश्न नसतो. ‘आमच्यामागे काय’ ही काळजी घेऊन आलेल्या आईवडिलांना तुम्ही आयुष्यभराची हमी द्यावी असं वाटतं. देऊ नका. त्याऐवजी त्यांच्या हयातीतच पालकत्व, पैसा आणि निवाशाला काय आवडतं-नावडतं याचं लेखी कागदपत्र पूर्ण करा. भावंडांना त्यात आत्ताच बसवा.

सगळे एकाच वयाचे घेतलेत तर सगळे एकदम म्हातारे होतात, म्हणून वयात किमान पंधरा वर्षांचं अंतर राहू द्या. घरात मृत्यू झाला तर त्याच दिवशी, साध्या शब्दांत सगळ्यांना सांगा. ‘झोपला’ म्हणू नका, त्यानंतर काहींना झोपायची भीती बसते. ‘प्रवासाला गेला’ म्हटलं तर दाराशी वाट पाहणारे असतात. मेला, त्याचं शरीर थांबलं, तो परत येणार नाही, असंच सांगा आणि ज्याला अंत्यविधीला यायचं आहे त्याला नेण्याची सोय करा. खोली लगेच भरायची घाई नको. कधी भरायची हे घरात राहणाऱ्यांना विचारून ठरवा.